सायकलला टेकडीवर एक आडवी वाट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत "टेकडीवर सायकली घालणारी टारगट पोरं" असं एक पत्र आलं होतं, ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार जणांनी टाकलं आणि खाली आणखी सतरा जणांनी अंगठे दाखवले, म्हणून हे उत्तर. त्या टारगट पोरांमधली एक माझी मुलगी आहे, इयत्ता सातवी. दुसरी टारगट मी स्वतः, वय वर्षं 46, गुडघे त्याहून जुने. पत्र लांबलंय त्याची आधीच माफी मागते, कात्री लावायचीच असेल तर माझ्या पडण्याचा भाग कापा, चराचा भाग तेवढा ठेवा.

तर झालं असं की दिवाळीत पोरीला गिअरची सायकल घेतली, जाड टायर, पुढे शॉकअॅब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, दुकानदार म्हणाला ताई ही डोंगरात पण चालते. डोंगर आमच्या मागेच आहे. पुण्यात राहण्याचं हे एक सुख आहे, कुठेही राहा, दहा मिनिटांवर कुठली ना कुठली टेकडी असतेच, वेताळ, तळजाई, पर्वती, पाषाण, हनुमान टेकडी, आणि जिला नाव नाही अशी एक आमची. खाली पालिकेची बाग, बागेच्या मागच्या फाटकातून वर टेकडी. बागेत सायकलला बंदी (बरोबरच आहे, तिथे लहान मुलं आणि मांडी घालून प्राणायाम करणारी मंडळी असतात), आणि टेकडीवर? टेकडीवर काय नियम आहे ते कुणालाच नक्की माहीत नाही. फाटकावरचे मामा म्हणतात "सायकल आत नाय न्यायची", का म्हणून विचारलं तर म्हणतात "सायेबांनी सांगितलंय", आणि सात वाजता मामा चहाला गेले की तीच पोरं त्याच फाटकातून सायकली उचलून आत. म्हणजे बंदी आहे ती फक्त मामा जागेवर असताना.

आता मी कशी यात पडले, तर पोरीला एकटीला सोडायचं नाही म्हणून नवऱ्याची जुनी सायकल काढली आणि मागोमाग गेले. बागेच्या मागून जी वाट वर जाते ती सरळ उभी आहे, म्हणजे टेकडीचा माथा इथे, फाटक तिथे, मधे काठीसारखी सरळ वाट. चढताना सायकल ढकलतच नेली. उतरताना मुलगी पुढे, मागे वळून ओरडतेय "आई, दोन्ही पेडल एका पातळीत ठेव, सीटवर बसू नको, लांब बघ, लांब!" आणि मी बघतेय बरोबर चाकाच्या पुढच्या फुटभर जागेकडे, जिथे सगळा सुटा मुरूम, ज्वारीच्या दाण्याएवढे खडे, त्यावरून पाय सुद्धा सरकतो. घाबरून दोन्ही ब्रेक एकदम आवळले. मागचं चाक जाम झालं, फिरायचं थांबलं पण सायकल काही थांबेना, तशीच घसरत मुरूम खरवडत पंधरा-वीस फूट गेली आणि मी डावीकडच्या गवतात. लागलं फार नाही, पण कुसळं! ज्यांनी दिवाळीनंतर टेकडीवर पाय ठेवलाय त्यांना सांगायला नको, मोज्यातली कुसळं मी दोन दिवस चिमट्यानं काढत होते, सासूबाई शेजारी बसून फक्त "हं" एवढंच म्हणत होत्या, आणि त्या "हं"मध्ये सगळं आलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. उठून झटकताना मागे बघितलं तर माझ्या चाकानं त्या वाटेवर एक पट्टा ओरबाडून काढला होता, हाताच्या पंज्याएवढा रुंद. आणि तेवढ्यात खालून एक आजोबा काठी उगारत आले, "अहो बाई, हे काय वय आहे का, आणि टेकडी काय तुमच्या तीर्थरूपांची आहे? बघा काय केलंत त्या वाटेचं!" मी म्हटलं आजोबा चुकलं. कारण खरंच चुकलं होतं, पट्टा समोरच दिसत होता. पण मग त्यांच्याच काठीनं त्यांनी जो चर दाखवला, वाटेच्या मधोमध, तो माझ्या गुडघ्यापर्यंत खोल होता, आणि तो काय माझ्या एका चाकानं झाला नव्हता. ती वाट आता वाट राहिलीच नाहीये, पावसाळ्यात ओढा असतो तिथे. लोक काय करतात, चर खोल झाला की बाजूनं चालतात, मग तिथलं गवत जातं, तिथे दुसरा चर पडतो, मग त्याच्या बाजूनं तिसरी वाट. खालून वर बघितलं तर टेकडीवर कुणी मोठ्या कंगव्यानं ओरखडे काढल्यासारखं दिसतं. सायकलवाल्यांना शिव्या घालायच्या तर घाला पण हे ओरखडे चपलांचे, बुटांचे, सायकलींचे आणि मुख्य म्हणजे पाण्याचे आहेत.

हे मला नीट समजलं ते आमच्या सोसायटीतल्या एका काकांमुळे. मृदसंधारण खात्यातून रिटायर झालेत, आयुष्य डोंगरउतारावर चर खणून घेण्यात गेलं. त्यांना मी घाबरत घाबरत विचारलं की काका, सायकलसाठी टेकडीवर वाट केली तर टेकडीची वाट लागेल का. ते म्हणाले, "पाण्याला सरळ वाट दिली की ते तुमची वाट लावतं. सायकल असो, म्हैस असो, माणूस असो, वाट उभी आहे का आडवी ते आधी सांग." आणि मग त्यांनी मला गॅलरीतून समोरचा डोंगर दाखवला, तिथे गुरं चरायला जातात, आणि त्यांच्या वाटा बघ म्हणाले. मी वीस वर्षं तो डोंगर बघतेय, कधी लक्ष गेलं नव्हतं. गुरांच्या वाटा सगळ्या आडव्या. उताराला धरून, हळूहळू चढत, पायरी पायरीसारख्या. गाय कधी शहाण्यासारखी सरळ नाकासमोर माथ्यावर जात नाही, ते आपलंच काम.

मुलीनं मग नेटवरून काढून दाखवलं की जगात जिथे जिथे नवशिक्यांसाठी सायकलच्या ट्रेल बांधल्या आहेत तिथे हाच नियम आहे, फक्त त्यांनी त्याला आकडे लावलेत. अमेरिकेतली इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन म्हणून संस्था आहे, 1988 पासूनची, आयएमबीए म्हणतात तिला, त्यांनी बर्फावरच्या स्कीइंगच्या उतारांना जशा खुणा असतात तशाच सायकलवाटांना दिल्या. पांढरा गोल म्हणजे सगळ्यात सोपी, हिरवा गोल सोपी, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड, आणि दोन काळे हिरे म्हणजे आमच्यासारख्यांनी लांबूनच नमस्कार करायचा. हिरव्या गोलाची वाट निदान 36 इंच रुंद हवी, म्हणजे तीन फूट, चढ सरासरी पाच टक्के किंवा कमी, म्हणजे शंभर फूट गेलात की जास्तीत जास्त पाच फूट वर, एखाद्या ठिकाणी पंधरा टक्क्यांपर्यंत चालतो, जमीन घट्ट, आणि चुकवता येणार नाही असा दगडधोंडा दोन इंचांच्या वर नको. एवढंच. यात कुठे उड्या नाहीत, फळ्या नाहीत, हवेत उलट्या मारणं नाही. लोकांना माउंटन बायकिंग म्हटलं की मोबाईलवर दिसणारे ते कड्यावरून उडी मारणारे वेडे पीर आठवतात, त्यांचं आणि आमचं नातं म्हणजे ऑलिंपिकचा पोहणारा आणि टिळक टँकवर डबा बांधून पहिल्यांदा उतरलेलं पोर यांच्यात असेल तेवढंच.

आणि दुसरा एक नियम मला फार आवडला, अर्ध्याचा नियम. डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको. डोंगर वीस टक्के उताराचा तर वाट दहापेक्षा जास्त नाही. का, तर वाट त्याच्यापेक्षा उभी झाली की पाणी वाटेला ओलांडून खाली जायच्या ऐवजी वाटेतूनच धावायला लागतं. काकांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले हे काय नवीन, घाटरस्ता बांधणाऱ्याला विचार. खरंय, आपल्याकडे घाट शब्दातच सगळं आहे. आमच्या टेकडीवर 30 मीटर चढायला आताची उभी वाट जेमतेम शंभर मीटरची आहे, तीच पाच टक्क्यानं नेली तर सहाशे मीटर होईल, वळणं घेत घेत. म्हणजे जागा तेवढीच, आणि पोरांना चालवायला सहापट वाट. सिंहगडाला गाडीनं जाताना आपण वळणांना शिव्या घालत नाही.

काकांनी मग एका रविवारी तीन काठ्या आणल्या आणि ए फ्रेम बांधली. ज्यांनी गावाकडे वॉटर कपच्या वेळी श्रमदान केलंय त्यांना माहीत असेल, दोन काठ्यांचा इंग्रजी ए, मधे आडवी काठी, टोकाला दोरी आणि दोरीला दगड. दोन्ही पाय एका पातळीत आले की दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर येते, मग पुढे सरकायचं, फक्की टाकायची, परत सरकायचं, अशी डोंगरावर समपातळीची रेघ निघते आणि त्या रेघेवर सलग समतल चर खणतात. आम्ही काय केलं, आमच्या फ्रेमच्या दोन पायांत बरोबर दोन मीटर अंतर ठेवलं, एका पायाखाली दहा सेंटीमीटरची फळी घातली, दोरी जिथे थांबली तिथे स्केचपेननं दुसरी खूण केली. झाला पाच टक्के. दोन मीटरला दहा सेंटीमीटर, सातवीतल्या पोरीनं मला गणित समजावलं, लाज वाटली पण समजलं. प्रॅक्टिस म्हणून सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प मोजला तर तो दहाच्याही वर निघाला, तेव्हा कळलं की रोज दूध घेऊन चढताना धाप का लागते. मग टेकडीच्या कडेनं, जिथे गिरिपुष्पाची झाडं आहेत त्या पट्ट्यात, ती फ्रेम चालवत चालवत गेलो. कुदळ लावली नाही, गैरसमज नको, नुसतं बघितलं. आणि गंमत म्हणजे ती पाच टक्क्यांची रेघ बऱ्याच ठिकाणी गुरांच्या जुन्या वाटेवरूनच गेली.

एक फरक मात्र काकांनी आवर्जून सांगितला आणि तो इथे लिहिलाच पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी चरातून सायकली नेईल. चर पाणी अडवायला असतो, तो पूर्ण सपाट आणि खोलगट. वाटेनं पाणी अडवायचंही नाही आणि वाहून न्यायचंही नाही, फक्त आडवं ओलांडू द्यायचं. म्हणून वाट दरीच्या बाजूला थोडीशी कललेली ठेवायची, पाचेक टक्के, डोळ्याला कळणारही नाही एवढी, आणि दर थोड्या अंतरानं चढात मुद्दाम एक छोटी उतरण द्यायची, म्हणजे जे काही पाणी वाटेला लागलंय ते तिथे बाहेर पडतं. पोरांना त्या उतरणीत मजा येते ते वेगळंच, हुप्प करून खाली आणि त्याच वेगात वर. ज्याला पंप ट्रॅक म्हणतात, लागोपाठ उंचवटे आणि कडेला उचललेली वळणं, ज्याच्यावर पेडल न मारता नुसत्या अंगाच्या झोक्यानं सायकल पुढे जाते, तो म्हणजे याच्याच पुढची पायरी, तो तर टेकडीवर सुद्धा नको, खाली बागेच्या रिकाम्या कोपऱ्यात, एका बॅडमिंटन कोर्टाच्या दुप्पट-तिप्पट जागेत बसेल, जिथे सध्या तुटक्या घसरगुंड्या आणि वाळका पालापाचोळा पडलाय.

आता विरोधाचं. मी विरोधकांना वेडं समजत नाही. 2023 मध्ये वेताळ टेकडीच्या रस्त्या-बोगद्यांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा मी पण होते, पाण्याची बाटली आणि पोरीनं रंगवलेला पुठ्ठा घेऊन. टेकडीवर काहीही करायचं म्हटलं की पुणेकराच्या पोटात गोळा येतो तो उगाच येत नाही, आज सायकलची वाट, उद्या पेव्हर ब्लॉक, परवा सेल्फी पॉइंट आणि तेरवा वडापावची गाडी, हे आपण बघितलंय. म्हणून मी म्हणते मातीची वाट, नुसती माती आणि मुरूम, सिमेंटचं एक घमेलं सुद्धा नको, रेलिंग नको, लाइट नको. हिशोब करून बघा, अडीच किलोमीटरची तीन फुटी वाट म्हणजे सगळी मिळून जागा किती, अर्ध्या एकराच्या जरा वर. आणि त्या बदल्यात उभ्या वाटांपैकी दोन-तीन बंद करून तिथे काटेरी फांद्या टाकून गवत परत येऊ द्यायचं, हे त्याच कामाचा भाग असलं पाहिजे, नाहीतर मला पण ती वाट नको.

पक्ष्यांचं म्हणाल तर तो मुद्दा सगळ्यात खरा आहे. टेकडीचा जो मोकळा गवताचा माथा आहे तिथे तित्तर, टिटव्या, चंडोल जमिनीवरच घरटी करतात, तिथे सायकल नकोच, खरं म्हणजे तिथे वाट सोडून माणूस पण नको आणि मोकाट सोडलेली घरची कुत्री तर अजिबात नकोत (हे वाक्य छापलंत तर माझ्या बिल्डिंगमध्ये माझं पाणी बंद होईल, पण छापा). सायकलची वाट जावी ती खालच्या अंगाला, लावलेल्या झाडांच्या पट्ट्यात, जिथे आधीच सगळं तुडवलेलं आहे.

माझी धाकटी बहीण सिंगापूरला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिनं आम्हाला चेस्टनट नेचर पार्कला नेलं. 81 हेक्टर, 2016 मध्ये पूर्ण खुला झाला. तिथे बघितलेली एक गोष्ट मनात राहिली. सिंगापूरचं जे मुख्य राखीव जंगल आहे, पाणलोटाचं, त्याच्या काठाला हा पार्क पट्ट्यासारखा ठेवलाय, मुद्दाम, म्हणजे गर्दी काठावरच थांबावी आणि आतलं जंगल शांत राहावं. आणि त्या पट्ट्यात चालणाऱ्यांची वाट वेगळी, सायकलची वेगळी, शिवाय पंप ट्रॅक. पंप ट्रॅकवर एक पाच वर्षांचं पोर आणि त्याची आई, दोघंही हेल्मेट घालून, दोघंही पडत होते, कुणी काठी उगारत नव्हतं. सिंगापूरचं सगळंच चांगलं असं म्हणणाऱ्यातली मी नाही, तिथे चहा मिळत नाही धड. पण सायकलवाल्यांना हाकलून दिलं की ते जंगलात घुसतात आणि काठाला जागा दिली की काठाला राहतात, एवढं त्यांना कळलेलं दिसतं.

बरं, सायकलनं जमिनीची धूप जास्त होते का, तर याचा अभ्यास झालेला आहे, अमेरिकेत माँटाना राज्यात, 1994 साली छापून आलाय, चालणारे, घोडे, मोटरसायकली आणि सायकली असे चौघं एकाच तऱ्हेच्या वाटांवरून नेऊन किती माती सुटते ते मोजलं. ओल्या वाटेवर घोडे आणि माणसांच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली, घोड्यांनी सगळ्यात जास्त. हे मी आजोबांना सांगितलं नाही, कारण ते उर्मटपणाचं झालं असतं, आणि दुसरं म्हणजे मी जो ब्रेक आवळून पट्टा ओरबाडला तसा प्रत्येक नवशिक्या उभ्या उतारावर ओरबाडणारच. सायकल गोल फिरतेय तोवर ठीक, चाक जाम होऊन घसरली की नांगर. आणि चाक जाम होतं कुठे, तर उतार झेपत नाही तिथे. पाच टक्क्याच्या वाटेवर मला ब्रेक आवळायची वेळच आली नाही, आम्ही ते गुरांच्या जुन्या वाटेवर, अगदी सकाळी सहाला, कुणी नसताना, करून बघितलं (मामा, माफ करा). दुकानदारानं टायर दगडासारखे फुगवून दिले होते, 60 पीएसआय, ते मुलीनं तिसाच्या आसपास आणले, फुस्स करून, आणि त्यानं जो फरक पडला तो सांगून खरा वाटणार नाही, आधी प्रत्येक खड्यावरून सायकल टुणकन उडत होती ती जमिनीला चिकटून चालायला लागली. असल्या साध्या गोष्टी कुणी सांगत नाही, आणि सांगणारा भेटेल अशी जागाच नाही.

जागा नाही हेच तर रडगाणं आहे. पुणे म्हणे सायकलींचं शहर. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, परदेशातले सायकलपटू आले, आमच्या घरची सगळी रस्त्याच्या कडेला झेंडे घेऊन उभी होती, मुलीचा आवाज बसला ओरडून. तेव्हापासून तिला रेसिंग करायचंय. पण चालवायची कुठे? रस्त्यावर पीएमटी आणि डंपरच्या मधे सातवीतलं पोर घालायची माझी छाती नाही. सायकल ट्रॅक म्हणून जे आहेत त्यांच्यावर फळांच्या गाड्या. मातीत शिकलेलं पोर रस्त्यावर जास्त सावध होतं, तोल, ब्रेक, नजर सगळं तिथे पक्कं होतं, आणि पडलं तर गवतात पडतं. माउंटन बाइकची सुरुवात तरी कुठे फॅक्टरीत झाली, कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत सत्तरच्या दशकात काही उनाड पोरं जुन्या जड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची, 1976 पासून त्यांची रिपॅक नावाची शर्यत, नाव असं कारण मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस एका उतारात जळून धूर व्हायचं आणि प्रत्येक वेळी नवीन भरायला लागायचं. वीस वर्षांनी 1996 ला अटलांटात तोच खेळ ऑलिंपिकमध्ये. ती पोरं पण त्यांच्या गावात टारगटच होती.

आम्ही रीतसर अर्ज पण केला हो. एका कार्यालयात गेलो, काका, मी आणि आणखी दोघी आया, नकाशा, फोटो, ए फ्रेमची मापं सगळं फाइलला लावून. साहेब चांगले होते, चहा दिला, म्हणाले "मॅडम, बाग असेल तर उद्यान, झाडं असतील तर वन, खेळ असेल तर क्रीडा, तुमचं नक्की काय आहे?" आम्ही म्हटलं तिन्ही. म्हणाले मग अवघड आहे. फाइलवर शेरा काय मारला तर "पुढील कार्यवाहीस्तव सादर", कुणाला सादर ते नाही. दुसऱ्या टेबलावर विचारलं की कुणी पडलं तर जबाबदार कोण. हा प्रश्न रास्त आहे, पण आत्ता त्या गुडघाभर चराच्या वाटेवरून रोज म्हातारी माणसं उतरतात, परवा एका बाईनं घसरून मनगट मोडून घेतलं, तिला कोण जबाबदार आहे?

त्यामुळे मागायचं ते अगदी थोडकं मागते. पहिल्यांदा एकच टेकडी घ्या, एकच हिरव्या गोलाची वाट, अडीच किलोमीटर, वर्षभर करून बघा. आखणीला असा माणूस बसवा ज्याला चर कळतात, ठेकेदार नको, रोलर तर नकोच नको, कुदळ फावडं पहार आणि घमेलं, श्रमदानाला माणसं आम्ही आणतो. सायकलला दिशा एकच, म्हणजे समोरासमोर कुणी येत नाही, आणि जिथे चालणाऱ्यांची वाट ओलांडायची तिथे आधी दोन दगड असे ठेवायचे की सायकल आपोआप हळू होते, पाटी लावून काही होत नाही, पाट्यांचं शहर आहे आपलं, वाचतं कोण. पाऊस पडून गेला की वाट वाळेपर्यंत बंद, पावसाळ्याचे चार महिने तर बहुतेक वेळ बंदच राहील आणि राहू दे. हेल्मेट नसेल तर फाटकातून परत. मोटर लावलेली कुठलीही गोष्ट आत नाही. आणि संध्याकाळी सहानंतर कुणीच नाही, तेव्हा टेकडी मोरांची.

आणि मामांना कृपा करून एक नक्की काय ते सांगा. परवा मुलीनं त्यांना सरळ विचारलं, मामा तुम्हाला स्वतःला काय वाटतं, सायकल न्यावी की नको? ते म्हणाले, "माझा पोरगा बी नेतो की, मागच्या बाजूनं."

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे

ता. क. सोबत दोन फोटो पाठवतेय, एक त्या उभ्या वाटेचा आणि एक गुरांच्या वाटेचा, दोन्ही एकाच दिवशी, एकाच पावसाळ्यानंतर काढलेले. पहिल्या फोटोत चरात जी काठी उभी दिसतेय ती खोलीचा अंदाज यावा म्हणून ठेवलीय. आजोबांचीच आहे. मागितली तर आधी कुरकुरले, मग स्वतःच चरात उतरून धरून उभे राहिले, फोटोत खाली कोपऱ्यात त्यांचा बूट आलाय तो छापताना कापला तरी चालेल असं ते म्हणालेत.